डोळ्यांच्या बाहेरच्या कडा तीन आठवडे लाल. रडत नाही, पीत नाही, मग काय?

रंकाळ्याकाठची
मंडळी, धागा आरोग्य विभागात टाकतेय, चुकला असेल तर हलवा.

तीन आठवडे झाले, माझ्या दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या कडा लाल झाल्यात. बुबुळाभोवती पांढरंच आहे. लाली फक्त कोपऱ्यात, आणि तिथली कातडी ओलसर, चिरल्यासारखी. सकाळी उठल्यावर पापण्या नेमक्या त्या कोपऱ्यात चिकटलेल्या असतात. तोंड धुताना साबण लागला की जीव जातो. खाज आहे, खरं खाजवलं की चुरचुर आणखी वाढते. दिसायला काही त्रास नाही.

वय 39. शिरोलीच्या एका फौंड्रीत हिशेबाचं काम. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, येता-जाता गाडीवर अर्धा तास वारा आणि धूळ. ऑफिसात रोज एकजण तरी विचारतोच, "रात्री रडलीस काय?" सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी. सब्जा झाला, कोकम झालं. मेडिकलमधून थेंब आणले तर चार दिवसांत कडा एकदम स्वच्छ! बंद केले की आठवड्यात पुन्हा तेच. आता दुसऱ्यांदा चालू केलेत. कुणाला असं झालंय का? किती दिवस घालायचे हे?

सायबर_चौक
पहिला प्रश्न, सोमवारी सकाळी जास्त असतं का? आमच्या एका मित्राचं असायचं. औषध बदलून बदलून डॉक्टर दमले, शेवटी वहिनींनी रविवारची बाटली शोधून काढली.

हलकं घ्या ताई. एसीचा झोत थेट तोंडावर येतो का बघा. मला तेवढ्यानंच व्हायचं. खुर्ची फिरवली, गेलं.

लाल_लंगोट
आमच्या तालमीत निम्म्या पोरांचं डोळं असंच. तांबडी माती डोळ्यात जातीच, ती येऊन बसती कोपऱ्यात. वस्ताद म्हणतात मातीत हळद, ताक, लिंबू सगळं असतंय, काय होत न्हाई. मी तर पंचानं पुसतो न् परत उतरतो.

पापणी
@लाल_लंगोट, पंचा कुणाचा?

@रंकाळ्याकाठची, किती दिवस घालायचे ते नंतर. आधी बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरात औषधाचं नाव काय आहे ते इथं लिहा. कंपनीचं नाव नको. मी डोळ्यांची डॉक्टर आहे, आपल्याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, म्हणून विचारतेय.

लाल_लंगोट
पंचा तालमीचा. सगळ्यांचा एकच. का वो?

चटणीवाली_काकू
मी कालच वर्षाची चटणी डंकावर कुटून आणलो. संकेश्वरी आणि ब्याडगी मिळून पाच किलो. घरी आलो, हात दोनदा धुतलो, तरी रात्री डोळा चोळलो न् जे काय झालं ते देवालाच ठाऊक. सकाळी आतला कोपरा डाळिंबासारखा. ताई, तुम्ही मिरच्या निवडलात काय इतक्यात?

मुठेकाठचा
काकू की काका? :)

चटणीवाली_काकू
काकूच. कोल्हापुरात बायका आलो-गेलोच म्हणतात. तुमच्याकडं चटणीत साखर घालतात ते आम्ही काढलो काय कधी?

रंकाळ्याकाठची
काकू, जिंकलात.
मिरच्यांना हात लावलेला नाही. बाटलीवर भिंग लावून वाचलं, क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन असं आहे.

पापणी
वाटलंच. चार दिवसांत स्वच्छ म्हणालात तेव्हाच शंका आली.

यातलं डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. लाली, सूज, खाज सगळं ते झपाट्यानं दाबतं, म्हणून पेशंट खूष आणि दुकानदारही खूष. काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर मात्र यानं थोड्याच आठवड्यांत चढायला लागतं. साधारण 10 ते 21 मध्ये असावं ते तिशीच्या पुढं जातं. दुखत नाही, धूसर दिसत नाही, पेशंटला पत्ताच नसतो. असं बराच काळ चढलेलं राहिलं की डोळ्याची नस सुकत जाते. तोच काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. वर मोतीबिंदू लवकर धरतो तो वेगळाच.

दर उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून शाळेपासून हेच थेंब घालणारा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. उठून जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्याचा. समोरचं दिसत होतं, बाजूचं गेलेलं.

घाबरू नका, तुमचे थोडेच दिवस झालेत. पण बाटली बाजूला ठेवा आणि या आठवड्यात कुणाही नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळे तपासून प्रेशर मोजून घ्या.

शिरोळकर
मॅडम बोलतात ते पटतंय. आमच्या चुलत्यांचं सांगतो, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

ऊसतोड चालू होती. पाला डोळ्याला लागला. ऊसवाल्या घरात हे रोजचंच, पाल्याची धार म्हंजे करवतीची. डोळा लाल, पाणी गळालंय, खरं गडी कामाला. गावातल्या दुकानातनं थेंब आणले, असलेच मिक्स. दोन दिवस बरं वाटलं. आठव्या दिवशी काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका, भाताच्या शितासारखा. आईनं बघितलं न् म्हणाली, अरे ह्याच्या डोळ्यात काय पडलंय, काढ की. काढायला ते वर नव्हतंच, आत होतं.

मिरजेला नेलं. बुबुळ खरवडून तपासलं तर बुरशी निघाली. तासातासाला थेंब, दिवसरात्र, दीड महिना. चुलती गजर लावून उठायची. डोळा वाचला, खरं फूल पडलं. आता त्या डोळ्यानं माणूस हाय एवढं कळतंय, कोण हाय ते न्हाई कळत. डॉक्टरांनी सांगितलं, पाला-पाचोळा लागलेल्या डोळ्यात बुरशी शिरते आणि स्टेरॉइड घातलं की तिला रान मोकळं.

पापणी
शिरोळकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ऊसपट्ट्यात आम्ही हे दर हंगामात बघतो. पाला, धाटाचा तुकडा, भाताचं तूस, काहीही लागलं आणि दुसऱ्या दिवशी डोळा जास्त दुखायला लागला, उजेड सोसेना झाला, तर त्याच दिवशी तपासायला जायचं. तोडकऱ्यांनी साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावला तरी निम्म्या भानगडी टळतील. कुणी लावत नाही. घामानं धुकं धरतं म्हणतात, ते खरंही आहे.

निरोगी_आयुष्य
सर्वांना नम्र विनंती, केमिकलच्या मागे लागू नका. डोळ्यात रोज गाईचं तूप एक थेंब, मध एक थेंब, आठ दिवसांत डोळे मोत्यासारखे. आम्ही घरी अंजन बनवतो, हवे असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

सायबर_चौक
आला. प्रत्येक धाग्याला एक अंजनवाला लागतोच.

निरोगी_आयुष्य
चेष्टा सोपी असते. आयुर्वेदात डोळ्यांवर किती सखोल लिहिलंय, वाचा आधी.

पापणी
लिहिलंय, आणि सुश्रुतसंहितेतलं मी आवडीनं वाचलंय. डोळ्यात कोपऱ्याकडून मांस वाढतं, त्याला तिथं अर्म म्हटलंय. ते आकड्यानं उचलून धरून कापायचं कसं याचंही वर्णन आहे. तेव्हा त्या माणसांचं नाव स्वयंपाकघरातल्या मधाला चिकटवू नका. मध उघड्या बरणीतला, चमचा त्यात कालचा, आणि डोळा आधीच सोललेला! वैद्यांकडे जायचं तर शिकलेल्या वैद्यांकडे जा. काजळीच्या घरगुती अंजनात आणि काही सुरम्यांत शिसंही सापडतं, लहान मुलांना तर ते बिलकूल नको.

हातकणंगलेची_लेक
मांस वाढतं म्हणालात ते माझ्या वडिलांना आहे! नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी त्रिकोणी पडदा बुबुळाकडे सरकतोय. उन्हात गेले की लाल होतं. आयुष्यभर शेती, टोपी कधी घातली नाही. ते म्हणतात मोतीबिंदू आहे, पिकू दे, मग काढू.

पापणी
मोतीबिंदू बाहुलीच्या आत असतो, आरशात असा पडदा होऊन दिसत नाही. हे टेरिजियम. उन्हातले अतिनील किरण हे त्याचं मोठं कारण, जोडीला धूळ-वारा. नाकाकडूनच बहुतेकदा का वाढतं, तर कानाकडून तिरपं येणारं ऊन बुबुळातून वाकून पलीकडच्या नाकाकडच्या कडेवर एकवटतं, असं एक स्पष्टीकरण आहे. कॅन्सर नाही हा. बुबुळाच्या मध्याकडे यायला लागलं किंवा चष्म्याचा नंबर फार वाकडा झाला तर काढतात. नुसतं कापलं तर पुन्हा वाढण्याची खोड असते, म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या भागातली पातळ त्वचा घेऊन तिथं बसवतात. तोवर रुंद काठाची टोपी, गॉगल, आणि चुरचुरलं तर कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब. एकदा दाखवून मात्र घ्या.

कोपऱ्यात पिवळट, चरबीसारखा उंचवटा असतो आणि तो अधूनमधून लाल होतो, ती या टेरिजियमची सौम्य बहीण. ती सहसा बुबुळावर चढत नाही.

आणि आतल्या कोपऱ्यात जो गुलाबी मांसल दाणा आहे तो प्रत्येकाला असतो. आरसा बघून घाबरलेले लोक तो कापायला येतात.

मुठेकाठचा
मी आत्ता आरशात जाऊन बघून आलो. आहे. धन्यवाद, मीही घाबरणार होतो.

नवी_आई_कागल
डॉक्टर, माझं बाळ दोन महिन्यांचं. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सारखी चिपडं, पाणी वाहतं. आजी म्हणते आईचं दूध घाल.

पापणी
दूध नको, त्यावर जंतू पोसतात. डोळ्यातलं पाणी आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरतं. पुष्कळ बाळांत तिचं खालचं टोक जन्मतः बंद असतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप उघडतं. नखं कापा, हात धुवा, करंगळीच्या टोकानं आतल्या कोपऱ्याजवळ नाकाच्या हाडावर दाबून खाली नाकपुडीकडे सरकवा. एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीनचारदा. पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञाकडून दाखवून घ्या, कारण बायका गाल चोळतात आणि दाब पडतच नाही. तो कोपरा फुगला, तांबडा झाला, ताप आला तर मालीश बंद आणि तडक दवाखाना.

मोठ्यांतही ही नळी बंद होते, चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत जास्त. एका डोळ्यातून सतत पाणी, आणि आतला कोपरा दाबला की पू वर येतो. त्याला थेंब पुरत नाहीत, वाट नव्यानं करून द्यावी लागते.

गुऱ्हाळवाला
आमचं काय मग? हंगामभर गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी, चुलवाणापाशी. चिपाडं चुलवाणात न् चिपडं डोळ्यात! शब्दबी भाऊ-भाऊच. गुळव्या म्हणतो धुरानं डोळं साफ होतात. सहा महिने डोळं तांबडं ते तांबडंच.

सायबर_चौक
चिपाडं-चिपडंला आपला सलाम भावा.

पापणी
धूर डोळा साफ करत नाही, नुसतं पाणी काढतो. धुरानं आणि धगीनं अश्रूंचा पातळ थर उडून जातो, डोळा कोरडा पडतो आणि आपण तो चोळतो. मधूनमधून बाहेर येऊन साध्या पाण्यानं धुवा. कॉम्प्युटरवाल्यांचंही जवळजवळ तेच, तिथं धुराऐवजी डोळे मिटायचं विसरणं असतं. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघा म्हणतात ना, ते खरंच करून बघा, फुकट आहे.

गुऱ्हाळवाला
बाहेर आलो तर रस उतू जातोय. खरं बघतो.

उद्यमनगरी
वेल्डिंगवाल्यांसाठी लिहितो. काच न लावता दोन टाके मारले, तेव्हा काहीच होत नाही. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. आमच्याकडं पोरं कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवतात. मी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तपासून मलम लावून दिलं, दीड दिवसात उतरलं. ग्राइंडिंगचा कण मात्र कधी सुईनं, काडीनं काढू नका. माझ्या मित्राच्या बुबुळात लोखंडाचा कण गंजून तांबडी रिंग झाली होती.

गारगोटीचे_आजोबा
आमच्या लहानपणी लाल डोळे म्हटलं की खुपऱ्या, म्हणजे पापणीच्या आत पुरळ उठायचा तो संसर्ग, ट्रॅकोमा. शाळेत रांगेत उभं करून पापण्या उलटून बघायचे. आता तो शब्दही ऐकू येत नाही.

माझा अनुभव वेगळा. एका सकाळी अर्धा डोळा रक्तासारखा लाल. दुखत नाही, खुपत नाही. बायको रडायला लागली. रात्रभर खोकला होता, त्यानं एक बारीक शीर फुटली इतकंच. दहा-बारा दिवसांत हिरवट-पिवळं होत गेलं. डॉक्टरांनी डोळ्याला काही दिलं नाही, बीपी मात्र मोजलं. 180 निघालं.

पापणी
आजोबा, ते बीपी सापडलं हे उत्तम झालं. खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये जाहीर केलं. तुमच्या त्या पापण्या उलटणाऱ्या मास्तरांना कळवायला हवं होतं.

एक राहिलंच. पांढऱ्या भागाचा एकच तुकडा लाल होतो, फारसा दुखत नाही, आठ-पंधरा दिवसांत जातो, तो साधा प्रकार. पण तसाच लाल डोळा आतून ठणकत असेल, रात्री जागं करत असेल, आणि सांधे धरत असतील तर तो वेगळा आजार, त्याला उशीर चालत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लाली आली की लेन्स काढायची आणि जायचं. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरातल्या पोरांनी दाबून फोडली आणि डोळ्यात उडाली, तर डॉक्टर शोधण्याआधी नळाखाली पापण्या उघड्या धरून अर्धा तास पाणी. मूल किंचाळेल, तरी धरायचं. चुना डोळा जाळत आत आत जातो.

रंकाळ्याकाठची
आठ दिवसांनी येतेय, मार्च अखेर आहे, समजून घ्या.

जाऊन आले. हनुवटी त्या यंत्रावर टेकवून बसवलं, मग नारिंगी कागदाची पट्टी खालच्या पापणीला टेकवली, निळ्या उजेडात बघितलं. बुबुळ स्वच्छ. मग पापण्यांची कड बघताना म्हणाले, हे बघा, कोपऱ्यातली कातडी भिजून फुगलीय, पावसात तळपाय होतात तशी. नाव अँग्युलर ब्लेफरायटिस. कोपऱ्यातल्या पापणीवर जंतू वाढतात, ते कातडी कुरतडतात, म्हणून साबण झोंबतो. प्रेशर उजवं 19, डावं 18. जीव भांड्यात पडला.

रात्री लावायला प्रतिजैविकाचं मलम, दहा दिवस. थेंबाची बाटली तिथंच डब्यात टाकायला लावली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा पाच मिनिटं पापण्यांवर, मग कड हलक्या हातानं पुसायची. काजळ बंद, जुनं फेकायचं. माझं काजळ दोन वर्षांचं होतं आणि नणंदही तेच लावायची, हे इथं पहिल्यांदा कबूल करतेय. पाचव्या दिवशी चिरा भरल्या.

पापणी
छान. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस नाहीतर मोरॅक्सेला. दुसऱ्याला नाव दिलंय ते मोरॅक्स या डॉक्टरवरून, त्यानं 1896 मध्ये नेमक्या अशाच कोपऱ्यांतून तो शोधला. सव्वाशे वर्षं झाली, लोक अजून तो कोपरा उष्णतेचाच समजतात. मलमाचे दहा दिवस पुरे करा, पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका.

रंकाळ्याकाठची
सोडत नाही. सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "मग सब्जानं काहीच झालं नाही?" मी म्हटलं, झालं ना, पोट थंड झालं.

चटणीवाली_काकू
हे वाचून मी औषधाचा डबा उपसलो. डोळ्याच्या तीन बाटल्या निघाल्या. एक 2021 ची, एकीवरचं नावच पुसलंय, तिसरी कुत्र्याची.

मुठेकाठचा
कुत्रा कसा आहे?

चटणीवाली_काकू
त्याची नजर तुमच्यापेक्षा बरी आहे, मला बघून काकू म्हणूनच ओळखतोय.

पापणी
फोडल्यावर महिन्याभरात थेंब टाकून द्यायचे असतात, काकू. तिन्ही फेका. @लाल_लंगोट, पंच्याचं काय झालं? 2023 च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ आठवतेय ना? एका टॉवेलवर अख्खी वसतिगृहं आली होती.

लाल_लंगोट
आठवतीय की, आम्ही बाराजण एकदम. मॅडमचं वाचून दाखवलो वस्तादांना. आधी म्हणाले, मातीला नावं ठेवायची न्हाईत. मी म्हटलो मातीला न्हाई, पंच्याला. मग सोमवारपासनं ज्याचा त्यानं टॉवेल आणायचा असं ठरलं.

आज पहिला दिवस. माझा टॉवेल कुणीतरी नेला.